प्रौढ माणसाची मात्रा

औषधाच्या खोक्यात जो घडीचा कागद असतो, त्यावर ‘प्रौढांसाठी’ असा एक शब्द हमखास सापडतो. हा प्रौढ कोण? खापरला औषधे वाटण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. सातपुड्यातून उतरून येणारी म्हातारी माणसे त्या शब्दात कधी बसतच नसत. तेव्हा त्या प्रौढाचे कुलवृत्त शोधावे असे मनाने घेतले.

त्याचा आरंभ ऑक्सफर्डला होतो. १९४१ साली आल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलिन टोचले. तो सुधारू लागला, पण साठा संपत आला. डॉक्टरांनी त्याच्या मूत्रातून पेनिसिलिन पुन्हा काढून त्यालाच दिले. तेही पुरले नाही आणि तो दगावला. औषध देहातून बाहेर जाते ते मूत्रपिंडांच्या वाटेने, हे असे पहिल्या रोग्यातच दिसले. मात्र तेव्हा चिंता ते फार लवकर निघून जाते याची होती. म्हातारपणी ही वाट अरुंद होते, हा विचार फार मागाहून आला. १९५५ साली आपल्या पिंपरीला पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले आणि खेड्यापाड्यांतही सुईवर श्रद्धा बसली.

स्ट्रेप्टोमायसिनची गोष्ट अधिक बोलकी आहे. ब्रिटनमधील क्षयावरील त्याची प्रसिद्ध चाचणी १९४८ साली छापून आली. रोज २ ग्रॅम औषध, आणि रोगी? १५ ते ३० वर्षांचे! त्या तरण्याताठ्यांनाही घेरी येत होती, कारण हे औषध अंतर्कर्णाला बाधते. १९६३ साली त्याच गोत्रातले जेंटामायसिन जाहीर झाले. पेनिसिलिनच्या जातीचे औषध थोडे अधिक झाले तरी बहुधा निभावते. याचे तसे नाही. ते मूत्रपिंडांतूनच बाहेर पडते, साठले तर त्यांनाच दुखवते, आणि त्याने गेलेला कान परत येत नाही.

आपल्या वैद्यांनी ‘वय’ हा रोगीपरीक्षेचा स्वतंत्र विषय मानला होता. चरकाच्या दशविध परीक्षेत तो आहे. आधुनिक वैद्यकाला त्याचे सोपे गणित मिळायला १९७६ साल उजाडले. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांनी २४९ रोग्यांवरून सूत्र बसवले: १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, आणि ७२ गुणिले रक्तातले क्रिएटिनिन यांनी भागा. बाई असेल तर उत्तराचे ८५ टक्के घ्या.

क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. ज्याचे स्नायूच झिजले, त्याचे क्रिएटिनिन मूत्रपिंड थकले तरी वाढत नाही. पंचविशीतला, ६० किलोचा गडी घ्या; क्रिएटिनिन १. उत्तर येते ९६ च्या आसपास. ऐंशीची, ३६ किलोची आजी घ्या; तिचेही क्रिएटिनिन १. उत्तर २५! प्रयोगशाळेचा कागद मात्र दोघांनाही ‘ठीक’ म्हणतो.

आता हे सूत्र आमच्याकडे लावायचे म्हणजे पहिली अडचण वयाची. आजीचे वय आधारकार्डावर एक आणि बहात्तरच्या दुष्काळात तिला किती लेकरे होती यावरून निघते ते दुसरे. कार्डावर ६५ असेल तर उत्तर ३२ येते. वजन चुकले तर त्याहून मोठा घोटाळा होतो, आणि खाटेवरून न उठणाऱ्या माणसाचे वजन कोणी घेत नाही. अंदाजाने ५० लिहून मोकळे होतात. मी एकदा एका धिप्पाड नातवाला आजीसकट काट्यावर उभे केलेले पाहिले: १०१. मग एकटा: ६५. असे ३६ निघाले.

इथे एक उलटी चूकही होते. म्हातारे माणूस म्हणून भीतभीत पहिलीच सुई अर्धी द्यायची, ही ती चूक. रक्तात जंतू माजलेले असताना पहिली मात्रा वजनाप्रमाणे पुरतीच हवी. मूत्रपिंडांचा हिशेब दुसरी सुई किती तासांनी, यात करायचा. शिवाय सलाइन चढून रोगी सावरला की मूत्रपिंडेही सावरतात आणि कालचे जपून दिलेले औषध आज अपुरे पडते. म्हणून दोनतीन दिवसांत रक्त पुन्हा तपासावे लागते. तोवर नंदुरबारच्या वॉर्डात खापरचा नातलग परतीच्या गाडीची वेळ विचारू लागलेला असतो.