घाटावरचे ऋतू

काशीचा अमृतराव घाट, म्हणजेच राजाघाट, राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांच्या नावाने ओळखला जातो. १८०३ मध्ये इंग्रजांशी तह करून पुण्याच्या राजकारणातून बाहेर पडलेल्या अमृतरावांचे १८२४ साली काशीतच निधन झाले. त्याआधी चार वर्षे, १८२० मध्ये, टांकसाळीतील नेमणुकीवर जेम्स प्रिन्सेप त्या नगरीत आला होता. ब्राह्मी लिपीच्या उलगड्यामुळे आपण त्याला जाणतो. काशीत मात्र तो घाटांची चित्रे रेखाटीत होता आणि १८२४ ते १८२६ या तीन वर्षांच्या हवामानाची टिपणेही ठेवीत होता. तापमापक वाचणारा आणि पेन्सिल चालवणारा हात एकच असावा, हा योग मला मोलाचा वाटतो.

कारण गंगेकाठी चित्राचा आकारच ऋतू ठरवतो. वैशाखात पायऱ्या खोलवर उघड्या पडतात, पैलतीरी वाळू पसरते. श्रावण-भाद्रपदात पूर आला की त्याच पायऱ्या दिसेनाशा होतात आणि वाड्यांच्या भिंती पाण्यातून उगवल्यासारख्या भासतात. घाट पूर्वाभिमुख, सकाळी दगड उजळतो, दुपार कलली की सावलीत जातो. १८३० पासून प्रसिद्ध झालेल्या प्रिन्सेपच्या चित्रांत मात्र स्थापत्य आधी दिसते, हवा मागून येते.

ती हवा पुढे आली १९६० च्या सुमारास. पंढरपुरात, चंद्रभागेकाठी जन्मलेले हुसेन आणि त्यांचे स्नेही रामकुमार तेव्हा ऐन हिवाळ्यात काशीला गेले. त्यानंतर रामकुमारांच्या चित्रांतून माणसे हळूहळू नाहीशी झाली. उरले करडे रंग, एकमेकांना टेकलेली घरे आणि खाली पाणी.