शोध व बचाव श्वान

शोध व बचाव श्वान : कोसळलेल्या इमारती, हिमराशी वा दरडी यांखाली अडकलेल्या माणसांचा वासावरून शोध घेण्यासाठी शिकविलेले कुत्रे. श्वान व त्याचा हस्तक हे मिळून एक पथक मानले जाते; श्वान खूण देतो, तिचा अर्थ हस्तकाला लावावा लागतो.

आल्प्स पर्वतातील ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीच्या मठातील कुत्रे वाट चुकलेल्या प्रवाशांच्या शोधासाठी प्रसिद्ध होते. त्यांपैकी बॅरी (१८००–१४) याने चाळीसहून अधिक जणांना वाचविल्याची परंपरागत कथा आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये बाँबहल्ल्यांनी पडलेल्या घरांखालील माणसे शोधल्याबद्दल जेट व अर्मा या अल्सेशियन श्वानांना १९४५ मध्ये डिकिन पदक देण्यात आले.

भारतात २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमानुसार राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभारण्यात आले. त्याची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे येथे असून दलात श्वानपथके आहेत. फेब्रुवारी २०२३ मधील तुर्कस्तानच्या भूकंपात दलाच्या ज्यूली या श्वानाने नुर्दागी येथे ढिगाऱ्याखाली जिवंत माणूस असल्याची खूण दिली. रोमिओ या दुसऱ्या श्वानाने तिला दुजोरा दिल्यानंतर तेथून सहा वर्षांची मुलगी सुखरूप बाहेर काढण्यात आली.

माणसाच्या शरीराचा वास हवेबरोबर फटींतून वर येतो. श्वानाचे यश त्यामुळे ढिगाऱ्याच्या स्वरूपावर अवलंबून असते. काँक्रीटच्या तुटलेल्या लाद्यांमध्ये पोकळ्या राहतात. महाड येथे २४ ऑगस्ट २०२० रोजी इमारत कोसळली, तेव्हा चार वर्षांचा मुलगा सुमारे १९ तासांनी जिवंत सापडला, तो अशा पोकळीमुळेच. पावसाने भिजलेल्या दरडीची माती मात्र घट्ट बसते. तीत श्वास घेण्यास जागा उरत नाही व वासही वर येत नाही.

नवी मुंबई व तिच्या परिसरात हे दोन्ही धोके संभवतात. बेलापूरच्या शहाबाज गावात २७ जुलै २०२४ रोजी निवासी इमारत कोसळून तिघे मृत्युमुखी पडले. दोघांना ढिगाऱ्यातून वाचविता आले. नजीकच्या खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या उतारावरील इरशाळवाडी या ठाकर वस्तीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. पायवाटेखेरीज रस्ता नसल्याने तेथे अवजड यंत्रे नेता आली नाहीत. २७ मृतदेह हाती आल्यावर २३ जुलै रोजी शोध थांबविण्यात आला. ५७ जणांचा पत्ता लागला नाही. अशा वस्त्यांच्या बाबतीत श्वानपथक पाठविण्यापेक्षा दरडीपूर्वीच केलेले स्थलांतर अधिक उपकारक ठरते.