परग्रहावरचे दोन उनाड

उनाड पोरांचा इतिहास अजून कोणी लिहिलेला नाही. राजांचा लिहिला, संतांचा लिहिला, साखर कारखान्यांचा तर दर पंचवीस वर्षांनी गुळगुळीत कागदावर, अध्यक्षांच्या फोटोसकट लिहिला जातो. उनाडांच्या वाट्याला फक्त शाळेचा शेरा.

त्यात मराठी उनाडाची एक मोठी अडचण आहे. तो शेवटी चांगला निघतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मूळचा फुरसुंगीचा, म्हणजे आमच्या पुण्याच्या वाटेवरचाच. नाही त्या उचापती करील, पण गोष्ट संपता संपता चोर पकडून देणारच. ना. धों. ताम्हणकरांचा गोट्या तर इतका गुणी, की त्याच्या नावाने आमच्या पिढीने घरोघर बोलणी खाल्ली. १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्स आले, त्यातला वेताळ म्हणजे जंगलातला फौजदारच. मनसोक्त वाईट वागून शेवटच्या पानावरही तसाच राहणारा पोरगा काही आम्हांला भेटला नाही.

तो भेटला नातवाच्या कपाटात. एक नव्हे, दोन. 'डी. आर. अँड क्विंच' नावाची इंग्रजी चित्रकथा. '२००० एडी' हे ब्रिटिश साप्ताहिक १९७७ साली निघाले, त्यात १९८३ मध्ये ही जोडगोळी अवतरली. लेखक अ‍ॅलन मूर, चित्रकार अ‍ॅलन डेव्हिस. दोघे नायक परग्रहावरचे, कॉलेजच्या वयाचे. एक किडकिडीत, डोके चालवणारा. दुसरा धिप्पाड, त्याने सांगितले की करणारा. अशी जोडी आमच्या एस.टी. स्टँडवर केव्हाही पाहायला मिळते. फरक इतकाच, की आमचे दोघे फार तर कोणाच्या सायकलची हवा सोडतात. यांच्या हातात अणुबाँब असतो.

डी. आर. ही आद्याक्षरे आईबापांनी ठेवलेल्या नावाची नाहीत. इंग्लंडात खुनाच्या आरोपीला १९५७ च्या कायद्याने एक बचाव दिला आहे: डोके ठिकाणावर नव्हते, सबब जबाबदारी कमी धरावी. त्या कलमाच्या इंग्रजी नावाची ही आद्याक्षरे. पोराने बचाव आधीच नावात घालून ठेवला आहे, गुन्हा सवडीने!

पहिल्याच गोष्टीत हे दोघे कालयंत्रात बसून पृथ्वीवर मौज करायला येतात. पृथ्वीचा सगळा इतिहास, आरंभापासून पार शेवटापर्यंत, त्यांच्या उचापतींनी घडतो आणि मोडतो. हे वाचून मला एकदम आमच्या भागाचा उलगडा झाला. बघा ना. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनची जमीन फाटली आणि लाव्हाचे थरावर थर पसरले. त्याच सुमारास तिकडे मेक्सिकोत अशनी आदळला, डायनोसॉर गेले. इकडे लाव्हाचा खडक झिजून काळी माती झाली. १८८० च्या दशकात नीरेचा डावा कालवा आला, त्या मातीत ऊस उभा राहिला आणि उसाच्या रसातून बारामती-इंदापूरचे पुढचे सगळे राजकारण निघाले. एवढा उपद्व्याप निसर्गाने एकट्याने केला असेल?

दुसऱ्या एका गोष्टीत न्यायाधीश त्यांना सुधारण्याची संधी देतात. मग ते संस्था काढतात! सुधारलो हे सिद्ध करायचे तर संस्था काढावी, हे आमच्या दोन तालुक्यांत कोणाला शिकवायला नको. पण परग्रहावरही तीच पद्धत असेल असे वाटले नव्हते. संस्था कसली, तर युद्धात डोके फिरलेल्या सैनिकांसाठी आश्रम. पुढे काय होते ते सांगत नाही. उद्‌घाटनाला गेलेल्यांचे हाल विचारू नका.

पुढे डी. आर. प्रेमात पडतो. मुलगी सुशील. मित्र हातचा जाणार म्हणून क्विंच कासावीस होतो, आणि शेवटी ती सुशील मुलगीच उनाडपणात दोघांना मागे टाकते. मग हॉलिवूड. तिथे मार्लन नावाचा महान नट आहे, त्याचे बोलणे कोणालाच कळत नाही. यात मला नवल वाटले नाही. आमच्या बारामतीत मोरोपंत होऊन गेले, १७९४ पर्यंत. त्यांनी एकशे आठ रामायणे रचली म्हणतात, आणि त्यांत एक निरोष्ठ, म्हणजे ओठाला ओठ न लावता म्हणायचे. शब्दांशी केलेला खोडकरपणा बारामतीत असा सात्त्विक मुक्कामाला होता.

"आजोबा, तुम्ही हसताय काय? यात माणसं मरताहेत," नातू म्हणाला.

मला वाटते त्याचे चुकले नाही. खुद्द मूर यांनाही पुढे खटकलेच. हिंसा गमतीची करून दाखवणे आपल्याला पुरते पटत नाही, आणि अण्वस्त्रांवर विनोद कुठवर करायचा, असे ते म्हणाले. पण १९८३ चे इंग्लंड आठवा. त्याच वर्षी नोव्हेंबरात ग्रीनहॅम कॉमनच्या तळावर अमेरिकेची क्रूझ क्षेपणास्त्रे येऊन दाखल झाली, सूट-टाय घातलेल्या शहाण्या माणसांच्या सहीने. त्या मानाने ही दोन पोरे निदान खोटे कारण तरी देत नाहीत.

इंदापूर तालुक्याने दोन्ही पाहिले आहे. वालचंदनगरला इस्रोच्या अग्निबाणांचे भाग बनतात. अंतराळात जायची वाट आमच्या उसाच्या फडांतूनच जाते. आणि त्याच तालुक्यात उजनीच्या पाण्याखाली गावे गेली. तिथे कोणी उनाड नव्हता. नकाशे होते, शिक्के होते, मोबदल्याचे अर्ज होते. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवच्या जुन्या देवळाचे शिखर वर येते, माणसे होडीतून बघायला जातात, भिगवणला फ्लेमिंगोंचे फोटो काढतात. या धरणावरच पुढे कितीतरी उसाची तहान भागली, हेही खरे. पण जबाबदारी कमी धरावी असा अर्ज तिथे कोणाला करावा लागला नाही.

१९८७ मध्ये या दोघांना साप्ताहिकाने आणखी एक काम दिले: वाचकांच्या खासगी अडचणींवर सल्ला देण्याचे. तेव्हा लेखक बदलला होता, जेमी डिलेनो आला होता, चित्रे डेव्हिसचीच. आपल्याकडे असल्या सदराला एखादी ताई लागते. तिकडे डी. आर. आणि क्विंच बसले. सासू छळते अशी तक्रार कोणी पाठवली होती का, ते मी नातवाला शोधायला सांगितले आहे.