वही कोणाच्या घरीं?

कर्जाचा व्यवहार दोघांचा असतो. त्याची वही मात्र बहुधा एकाच्याच घरीं असते. ता. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथील बाजारांत जमलेल्या कुणब्यांना ही गोष्ट कोणीं समजावून सांगण्याची जरूरी नव्हती. त्या दिवशीं धान्याचीं दुकानें लुटलीं गेलीं, सावकारांच्या घरांसहि आगी लागल्या. पण जमावाची खरी मागणी होती ती खतांची आणि चोपड्यांची. ते कागद हातीं येतांच जाळण्यांत आले. दंगा पुढें पुणें आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरला, आणि जेथें सावकारानें खतें मुकाट्यानें काढून दिलीं तेथें त्याच्या अंगास सहसा कोणीं हात लावला नाहीं.

कागदावरच एवढा राग कां, हें त्या कागदाची घडण पाहिल्यावांचून उमगत नाहीं. खत सावकार लिहवी, तें सावकाराच्याच पेटींत राही, आणि अक्षरशत्रु कुणबी त्याखालीं नांगराची निशाणी करी. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें खताचें आयुष्य तीन वर्षांचें ठरविलें. व्याज फार सांचूं नये हा त्यांतील हेतु होता. परिणाम अगदीं उलट झाला. मुदत संपत आली कीं सावकार थकलेलें व्याज मुदलांत मिळवून नवें खत करून घेऊं लागला, आणि ऋणकोच्या रक्षणासाठीं केलेली युक्ति धनकोच्या हातचें शस्त्र बनली. दंग्यानंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं खास कायदा झाला. खत सरकारी नोंदणीकारासमोर व्हावें, न्यायाधीशानें खतामागील मूळ हिशेब तपासावा, असें त्यानें ठरविलें. दाद मागण्याची सोय झाली खरी. वही मात्र होती तेथेंच राहिली.

ती वही ऋणकोंच्याच सामाईक मालकीची करतां येईल काय, या प्रश्नाचें एक उत्तर तोंवर जर्मनींत निघालें होतें. ऱ्हाईन नदीच्या पूर्वेस वेस्टरवाल्ड नांवाचा डोंगराळ, त्या काळीं दरिद्री असा मुलूख आहे. तेथील वायरबुश गांवचा तरुण कारभारी फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझेन यानें १८४६-४७ च्या दुष्काळी हिंवाळ्यांत सधनांकडून पैसा जमवून गरिबांस उधारीवर पाव पुरविला. १८४९ मध्यें फ्लामर्सफेल्ड येथें त्यानें गुरांच्या खरेदीसाठीं कर्ज देणारी मंडळी काढली. तिला जामीन गांवांतील श्रीमंत राहिले. १८५४ मध्यें हेडेसडॉर्फ येथें तिसरा प्रयत्न झाला. या सर्वांत देणारे एक आणि घेणारे दुसरे होते, आणि तेंच त्यांचें व्यंग ठरलें. देणाऱ्यांचा उत्साह कांहीं वर्षांतच ओसरला. अखेर १८६४ मध्यें हेडेसडॉर्फ येथेंच त्यानें व्यवस्था पालटली. कर्ज हवें असेल त्यानें स्वतः सभासद व्हावें, आणि सभासद झालेल्यानें मंडळीच्या सर्व देण्याची जबाबदारी आपल्या साऱ्या मालमत्तेनिशीं पत्करावी.

शेजारी बुडाला तर आपलें शेत जाणार, हा नियम ऐकतांच अंगावर कांटा येतो. परंतु या व्यवस्थेचें सारें मर्म त्या कांट्यांतच आहे. कोण कष्टाळू, कोण उधळ्या, कोणाच्या गोठ्यांतली गाय विकावयास निघाली, हें शहरच्या पेढीला कधीं कळत नाहीं; गांवांत तें फुकट कळतें. रायफायझेननें या फुकटच्या माहितीचें तारण केलें. म्हणूनच मंडळीचें क्षेत्र त्यानें लहान राखलें. कर्जाचें कारण आधीं सांगावयाचें, फेडीची मुदत त्या कामाच्या उत्पन्नाशीं जुळती ठेवावयाची, चालकांनीं बिनपगारी राबावयाचें, पगार काय तो एकट्या हिशेबनिसास. आणि सांचलेली गंगाजळी कोणीं कधींहि वांटून घ्यावयाची नाहीं. दृष्टि अधू झाल्यामुळें त्याला नोकरी सोडावी लागली. १८६६ मध्यें आपल्या मंडळ्यांविषयीं त्यानें जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या लेखनांत त्याची कन्या अमाली हिचे डोळे कामीं आले. या व्यवस्थेंत एक कठोरपणाहि होता, तो झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. ज्याच्याविषयीं गांवाचें मत एकदां वाईट झालें, त्याला सावकाराचेंच दार उरे.

मद्रास इलाख्यांतील अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यानें १८९५ आणि १८९७ च्या आपल्या अहवालांत याच पद्धतीचा पुरस्कार केला, आणि १९०४ मध्यें हिंदुस्थानांत सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. खेड्यांतील पेढ्यांना त्यांत अमर्याद जबाबदारीचें कलम होतें. मुंबई इलाख्याच्या धारवाड जिल्ह्यांत, गदगजवळ कणगिनहाळ येथें, १९०५ मध्यें सिद्धनगौडा पाटील यांच्या पुढाकारानें पहिल्या पेढ्यांपैकीं एक उभी राहिली. बडोद्यास तर विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनीं १८८९ मध्येंच, कायद्याची वाट न पाहतां, अन्योन्य सहायकारी मंडळी सुरू केली होती. परंतु कायद्यानें नियम आणले आणि त्यांचा प्राण मागें राहिला. नोंदणी, तपासणी, पुष्कळ ठिकाणीं पैसाहि वरून येऊं लागला. पैसा शेजाऱ्याचा नसून सरकारचा अशी समजूत झाली, आणि सरकारचा पैसा बुडाला म्हणून शेजाऱ्याची झोंप कशास उडावी? १९५१-५२ ची स्थिति सांगणारा गोरवाला समितीचा अहवाल १९५४ मध्यें प्रसिद्ध झाला. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जांत सहकारी संस्थांचा वांटा निघाला अवघा ३.१ टक्के, सावकारांचा सुमारें ७० टक्के.

गंमत अशी कीं, शहरांतील गृहिणींची भिशी या काळांत कोणत्याहि कायद्यावांचून चालत आली. बारा जणींनीं दरमहा सारखी रक्कम घालावी आणि एकीनें ती उचलावी. जी पहिल्या महिन्यांत उचलते ती बाकी अकरा जणींची ऋणको, जी शेवटीं उचलते ती सर्वांची धनको, आणि मधल्या प्रत्येकीच्या वांट्यास दोन्ही भूमिका येतात. हिशेब सर्वांना तोंडपाठ असल्यामुळें वही कोणाच्या घरीं, हा प्रश्नच उठत नाहीं.

नाबार्ड या राष्ट्रीय बँकेनें १९९२ मध्यें ५०० बचत-गट बँकांशीं जोडण्याचा प्रयोग आरंभिला, तेव्हां भिशी आणि पतपेढी यांची गांठ पडली. गट दहा ते वीस जणींचा. बैठकींत प्रत्येकीची बचत व कर्ज सर्वांसमक्ष सांगावयाचें, मग लिहावयाचें. २०१५ मध्यें याच बँकेनें गटांच्या वह्या संगणकावर चढविण्याचें काम हातीं घेतलें. त्यासाठीं प्रथम निवडलेल्या दोन जिल्ह्यांत झारखंडांतील रामगढ होता, आणि महाराष्ट्रांतील धुळें. बैठकीचे आंकडे एक कार्यकर्ती यंत्रांत भरते, आणि सभासद स्त्रीच्या फोनवर तिच्या व्यवहाराचा संदेश तिच्या भाषेंत जातो. ज्या घरांत फोन एकच आणि तो नवऱ्याच्या खिशांत, तेथें तो संदेश आधीं नवरा वाचतो.