घर फिरतंय की डोळ्यांपुढे अंधारी येतेय? चक्कर नेमकी कशामुळे येते

‘चक्कर आली’ म्हटलं की आपल्याकडे कारणं तयार असतात. बीपी लो झालं असेल, ऊन लागलं असेल, पित्त वाढलं असेल. मग एक सलाइन, चार गोळ्या आणि विषय संपला. पण चक्कर हा आजार नाही, ते लक्षण आहे. शिवाय या एकाच शब्दात आपण दोन वेगळे त्रास सांगतो. एकात आजूबाजूचं सगळं गरगर फिरतं, अगदी अंथरुणात पडून असतानाही. दुसऱ्यात काही फिरत नाही, पण उभं राहताच अंधारी येते आणि आता पडतो असं वाटतं.

अंधारी का येते?

मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं म्हणून. बुलडाणा शहर डोंगरावर असल्याने थोडं बरं, पण मे महिन्यात खामगाव, मलकापूर, शेगावकडे पारा चाळिशीच्या वर असतो. घामावाटे पाणी आणि मीठ जातं, त्यात उपवास असेल किंवा बीपीच्या गोळ्या सुरू असतील तर उठताना रक्तदाब झपकन खाली येतो. रक्त कमी असणं आणि साखर उतरणं ही आणखी दोन नेहमीची कारणं. अशा वेळी माणसाला सावलीत आडवं करा, पाय थोडे उंच ठेवा, शुद्धीवर असेल तर ओआरएस द्या. बीपीची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना झोपून आणि उभं राहून असा दोनदा बीपी मोजायला सांगा.

कपाशी-सोयाबीनवर फवारणी करताना चक्कर आली, सोबत मळमळ, खूप घाम, तोंडाला लाळ किंवा अंधुक दिसणं असेल, तर ते ऊन समजून घरी झोपवू नका. ती विषबाधा असू शकते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, औषधाचा डबा सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा.

आणि घर फिरतं तेव्हा?

तेव्हा बहुतेकदा कानाकडे बघावं लागतं. आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या, द्रवाने भरलेल्या तीन अर्धगोल नळ्या असतात. शेजारच्या पिशवीत कॅल्शियमचे बारीक कण असतात. वयामुळे किंवा डोक्याला मार लागल्याने ते सुटून नळीत शिरले, की कूस बदलताना किंवा वर माळ्याकडे बघताना मेंदूला चुकीचा निरोप जातो आणि जग फिरायला लागतं. सहसा एका मिनिटाच्या आत थांबतंही. याला बीपीपीव्ही म्हणतात. गरगरण्याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण हेच.

यावर खरा उपाय गोळी नाही. अमेरिकेतले डॉक्टर जॉन एपली यांनी शोधलेल्या पद्धतीत पलंगावर झोपवून डोकं ठरावीक क्रमाने वळवतात आणि कण जागेवर परत जातात. पाच-दहा मिनिटांचं काम. बहुतेकांना एक-दोन वेळातच आराम पडतो. पहिल्यांदा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडूनच करून घ्या, कारण आधी कोणता कान आणि कोणती नळी ते ओळखावं लागतं. त्रास पुन्हा होऊ शकतो, तेव्हा हीच युक्ती परत चालते.

इतकं सोपं असूनही अनेकांच्या मानेचा एक्स-रे निघतो आणि गळ्यात पट्टा येतो. पन्नाशीनंतर मणक्यांची झीज जवळपास सगळ्यांच्याच एक्स-रेत दिसते, पण गरगरण्याचं कारण ती क्वचितच असते. चक्करच्या गोळ्यांचंही तसंच. त्या चार दिवसांसाठी असतात. सिनारिझिनसारखी गोळी वयस्क माणसाने महिनोन्महिने घेतली तर हात थरथरणं, हालचाली मंदावणं असे त्रास होऊ शकतात.

गरगरणं काही तास टिकत असेल, कानात आवाज येत असेल आणि ऐकू कमी येत असेल तर तो मेनियर्स आजार असू शकतो. त्यात मीठ कमी करायला सांगतात. संग्रामपूर-जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणीच खारट, त्यामुळे तिथे मिठाचा हिशेब फक्त ताटापुरता ठेवून चालत नाही. अर्धशिशीमुळेही चक्कर येते, कधी डोकं न दुखतासुद्धा.

१०८ ला फोन कधी करायचा?

चक्करसोबत बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसू लागले, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, आधाराशिवाय उभं राहता येईना, अचानक असह्य डोकेदुखी झाली किंवा छातीत दुखू लागलं, तर लगेच. मेंदूच्या मागच्या भागातला झटका असाच सुरू होऊ शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. निघण्याआधी सीटी स्कॅन कुठे सुरू आहे ते विचारून घ्या. लांबच्या गावातून निघालात तर यातला बराच वेळ रस्त्यातच जातो.

तपासणीला जाताना तीन गोष्टी नक्की सांगा: चक्कर किती वेळ टिकते, कशाने सुरू होते आणि कोणती औषधं चालू आहेत. जमलं तर चक्कर सुरू असताना घरच्या कुणाला तरी तुमच्या उघड्या डोळ्यांचा जवळून व्हिडिओ काढायला सांगा. बुबुळं कोणत्या दिशेने उडतात यावरून डॉक्टरांना बरंच कळतं.