हौशी छायाचित्रकार आणि नेमून दिलेला विषय

जुन्या पंडितांच्या सभेंत समस्यापूर्तीचा खेळ चाले. कोणी तरी श्लोकाचा शेवटचा चरण पुढें टाकी, आणि उरलेले तीन चरण कवीनें तेथल्या तेथें रचावयाचे असत. भोजराजाच्या आख्यायिका अशा प्रसंगांनीं भरलेल्या आहेत. चरण जितका विचित्र, तितकी कवीची परीक्षा कठीण. आणि मौज अशी, कीं आपल्या मर्जीनें लिहावयास बसला असतां ज्या कल्पना त्याच्या स्वप्नींही आल्या नसत्या, त्या ह्या परक्या चरणाच्या धाकानें त्याच्या तोंडून बाहेर पडत. हौशी छायाचित्रकारांच्या मंडळांत आज जो प्रकार रूढ झाला आहे, तो ह्याच खेळाचा धाकटा भाऊ म्हणतां येईल. दर आठवड्यास एक विषय जाहीर व्हावयाचा, 'सावली', 'जिना', 'वाट पाहणारें माणूस' असा कांहीं तरी. सात दिवसांत त्यावर एक नवें चित्र काढून मंडळापुढें ठेवावयाचें. आणि वर्षाचे बावन्न आठवडे हा नेम मोडूं द्यावयाचा नाहीं. खिशांतल्या टेलिफोनांतच कॅमेरा असण्याच्या ह्या काळांत चित्र काढण्याचे कष्ट राहिले नाहींत. कशाचें काढावें, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला आहे. आणि म्हणूनच विषय दुसऱ्याकडून मागून घेण्याची ही चाल लोकप्रिय झाली आहे.

परंतु ही चाल नवी नव्हे. हौशी छायाचित्रकार जितका जुना, जवळजवळ तितकीच तीही जुनी आहे. आणि तिच्या इतिहासाचें एक महत्त्वाचें पान मुंबईंत लिहिलें गेलें आहे.

१८५४ च्या ऑक्टोबर महिन्यांत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' ही संस्था निघाली. लंडनची संस्था तिच्याहून अवघी एका वर्षानें वडील होती. कलकत्ता व मद्रास येथील संस्था १८५६ सालीं निघाल्या. सभासदांत कंपनी सरकारचे लष्करी व मुलकी अधिकारी पुष्कळ असले, तरी एतद्देशीय मंडळीही होती. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचें नांव महाराष्ट्रास ठाऊक आहेच. त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः कॅमेरा हाताळणारे पट्टीचे हौशी होते. १८५५ सालीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्गच उघडण्यांत आला, आणि पुढें मुंबईंत स्वतःचा धंदा थाटणारे हरिश्चंद्र चिंतामण हे त्याच वर्गांत तयार झाले.

ह्या मंडळींची हौस स्वस्त नव्हती आणि सोपी तर नव्हतीच. फ्रेडरिक स्कॉट आर्चर ह्यानें १८५१ सालीं प्रसिद्ध केलेली ओल्या कांचेची पद्धत तेव्हां नवी होती. कांचेवर कोलोडियन नांवाचा चिकट द्राव सारखा पसरावयाचा, ती अंधारांत सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत बसवून चित्र घ्यावयाचें, आणि वाळण्यापूर्वीं पुन्हां अंधारांत नेऊन तें उमटवावयाचें. हा सारा खटाटोप थोड्या मिनिटांत उरकावा लागे. आणि मुंबईच्या उन्हाळ्यांत तीं मिनिटेंही आंखडत. म्हणून घराबाहेर चित्र काढावयाचें झालें, तर अंधारा तंबू, औषधांच्या बाटल्या, पाणी, कांचांची पेटी आणि हें सर्व वाहणारे गडी, अशी एक छोटी स्वारीच निघे. एवढ्या यातायातींत सापडलेला मनुष्य स्वाभाविकच ठरलेल्या वस्तूंकडे वळतो: एखादें भव्य देऊळ, साहेबाचा बंगला, किंवा न हलणारा मित्र.

अशा वेळीं विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन ह्या मुंबईच्या दोघां छायाचित्रकारांनीं सोसायटीच्या आश्रयाखालीं 'इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम' नांवाचें मासिक काढलें. १८५६ च्या अखेरीपासून १८५८ पर्यंत तें चाललें. प्रत्येक अंकांत तीन छायाचित्रें व त्यांच्या माहितीचीं पानें असत. छायाचित्र शाईनें छापण्याची सोय तेव्हां नव्हती. प्रत्येक प्रत उन्हांत धरून कागदावर उतरवावी लागे आणि हातानें चिकटवावी लागे. दरमहा तीन नवीं चित्रें, आणि प्रत्येकाच्या तितक्या प्रती! मुदत ही सासूसारखी असते. ती शिव्या देत नाहीं, पण दारांत येऊन उभी राहते. हौशी माणसाच्या लहरीवर हें काम चालणें शक्य नव्हतें. त्यास विषयांची मालिकाच हवी होती, आणि 'पश्चिम हिंदुस्थानांतील वेष व व्यक्ती' ह्या मालिकेनें ती गरज भागविली.

ह्या एका विषयानें काय साधलें हें नीट पाहिलें पाहिजे. मुंबईच्या रस्त्यांतून रोज जाणारी-येणारीं, पण स्वतःचें चित्र काढवून घेण्याचें ज्यांच्या मनांत कधीं आलें नसतें अशीं अनेक माणसें ह्या निमित्तानें भिंगासमोर उभीं राहिलीं. त्यांच्या पागोट्यांचे पेंच, लुगड्यांची नेसण, हातांतलीं हत्यारें हें सर्व आज अभ्यासकांना मोलाचें वाटतें. कंपनीच्या साहेबानें आपल्या आवडीनें चित्रें काढलीं असतीं, तर ह्यांतलें फारच थोडें मागें राहिलें असतें.

पण त्याच विषयाची दुसरी बाजूही आहे. चित्राखालीं जात लिहिलेली, धंदा लिहिलेला. माणसाचें नांव सहसा नाहीं. विषय 'व्यक्ती' म्हणून जाहीर झाला, आणि उत्तर म्हणून नमुने आले. पुढें जॉन्सननें ह्याच प्रकारचीं चित्रें घेऊन मुंबईच्या रहिवाशांवर व पाहुण्यांवर दोन खंड प्रसिद्ध केले. पहिला १८६३ सालीं गुजरात, कच्छ व काठेवाडविषयीं, दुसरा १८६६ सालीं महाराष्ट्राविषयीं. त्यांत नागर ब्राह्मण स्त्रिया आहेत, भाटिये आहेत, वल्लभ संप्रदायाचे महाराज आहेत. मात्र ह्या मंडळींच्या मागें दिसणारे देखावे बहुधा त्यांच्या मागें नव्हतेच. माणसें एकीकडे घेतलेलीं, पार्श्वभूमी दुसरीकडची, आणि दोन्ही जोडून एक चित्र केलेलें. जोड कोठें कोठें उघडी दिसते. कारागिरीच्या दृष्टीनें ती उणीव असेल, पण ज्यांना त्यांच्या जागेवरून उचलून कोणत्याही पडद्यापुढें ठेवतां येतें, त्यांच्याकडे छायाचित्रकार कोणत्या नजरेनें पाहत होता, हें ती जोड पुरेपूर सांगून जाते.

मंडळाच्या जागीं सरकार विषय देऊं लागलें, तेव्हां ही गोष्ट अधिकच उघड झाली. लॉर्ड कॅनिंग व त्यांची पत्नी ह्यांना हिंदुस्थानांतील लोकांच्या चित्रांचा एक खासगी संग्रह हवा होता. १८५७ च्या उठावानंतर त्या खासगी हौसेस सरकारी कामाचें रूप आलें, प्रांतोप्रांतीं मागणी गेली, आणि कॅमेरा बाळगणाऱ्या कित्येक अधिकाऱ्यांनीं आपापल्या मुलुखांतील जातीजमातींचीं चित्रें काढून पाठविलीं. त्यांतून १८६८ ते १८७५ पर्यंत 'दि पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ निघाला. त्यांत ४६८ छायाचित्रें आहेत. काढणाऱ्यांपैकीं बरेच जण हौशी होते, मेहनती होते, आणि आपापल्या परीनें प्रामाणिकही असतील. परंतु प्रश्न त्यांचा नव्हता. तो राज्य करणाऱ्याचा होता, आणि कोणती जमात विश्वासाची व कोणती उपद्रवी हें त्याला जाणून घ्यावयाचें होतें.

१८६९ सालीं सर सय्यद अहमद खान लंडनमध्यें होते. इंडिया ऑफिसांत त्यांनीं व त्यांच्या मुलांनीं हा ग्रंथ पाहिला. एक तरुण इंग्रज तीं चित्रें चाळीत होता. त्यानें त्यांचा मुलगा सय्यद महमूद ह्यास विचारलें, कीं आपण हिंदुस्थानी काय? महमूदनें होकार दिला. पण लगेच खुलासा जोडला, कीं आपण तेथील मूळ रहिवाशांपैकीं नव्हे, आपले पूर्वज परमुलुखांतून आलेले. ह्या घटनेची वेदना सर सय्यदांनीं लिहून ठेवली आहे. ती वाचतांना चित्र काढणाऱ्यापेक्षां त्या मुलाच्या उत्तराचेंच अधिक वाईट वाटतें. ग्रंथांतील चेहऱ्यांपासून स्वतःला दूर सारण्यावांचून त्याला दुसरा मार्ग दिसला नाहीं, इतकी ती विषयाची चौकट घट्ट बसली होती.

मासिकाचा नेम आठवड्यावर आला तो रसायनशास्त्राच्या कृपेनें. रिचर्ड लीच मॅडॉक्स ह्यानें १८७१ सालीं कोरड्या कांचेची कृति सुचविली, आणि पुढील दहा वर्षांत तयार कांचा दुकानांत मिळूं लागल्या. तंबू गेला, गडी गेले. १८८४ च्या ऑक्टोबरांत लंडनला 'दि अमॅच्युअर फोटोग्राफर' हें साप्ताहिक सुरू झालें. आणि १८८८ सालीं ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा निघाल्यावर शंभर चित्रांची गुंडाळी संपली, कीं कॅमेराच कारखान्याकडे पाठवून दिला म्हणजे झालें. हौशी माणसाचें सामान हलकें झालें, आणि त्याच प्रमाणांत त्याच्या चित्रांचा पूर आला. त्या पुराला बांध घालण्याचें काम अशा नियतकालिकांच्या स्पर्धांनीं केलें.

१८८७ सालीं ह्या साप्ताहिकानें सुट्टींतील कामाची स्पर्धा लावली. बर्लिनमध्यें शिकत असलेल्या आल्फ्रेड स्टीग्लिट्झ ह्या तेवीस वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्यानें तिला चित्रें पाठविलीं. इटलींतील बेलाजिओ गांवांत एका बाईभोंवतीं जमून खळखळून हंसणाऱ्या मुलांचें त्याचें चित्र पहिलें आलें. रौप्यपदक आणि दोन गिनी असें बक्षीस होतें. परीक्षक पी. एच. एमर्सन हा मोठा परखड गृहस्थ. सगळ्या स्पर्धेंत आपोआप घडून आल्यासारखें काम एवढेंच, असा त्याचा अभिप्राय पडला. हें थोडें नवलाचें आहे: विषय ठरलेला, मुदत ठरलेली, आणि पसंतीस उतरलें तें चित्र मात्र न ठरविल्यासारखें! पुढें १८९३ च्या २२ फेब्रुवारीस हाच मनुष्य न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर, उसना घेतलेला लहानसा कॅमेरा हातांत धरून, बर्फाच्या वादळांत तीन तास उभा होता. त्या दिवशीं त्याला कोणीं विषय दिला नव्हता. जगांतील अव्वल छायाचित्रकारांत त्याची गणना झाली, तिची पहिली पायरी एका साप्ताहिकाच्या स्पर्धेची होती, ही गोष्ट स्पर्धांना नाकें मुरडणाऱ्यांनीं ध्यानांत घेण्यासारखी आहे.

बक्षिसाची आशा नसलेला विषयही लोक आनंदानें पत्करतात, हें बर्मिंगहॅमच्या शिक्षक-भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम जेरोम हॅरिसननें दाखविलें. त्यानें १८८९ सालीं सुचविलें, कीं वॉरिकशायर परगण्याच्या नकाशाचे भाग पाडून ते हौशी सभासदांस वांटून द्यावे, आणि ज्यानें-त्यानें आपल्या वांट्यास आलेल्या भागांतील घरें, चर्चें, वाटा व चालीरीति टिपाव्या. चित्रांत फेरफार करावयाचा नाहीं, आणि तें न फिकटणाऱ्या कागदावर छापावयाचें, अशी शिस्त होती. काम १८९० सालीं सुरू झालें. त्याचें अनुकरण इतर परगण्यांनीं केलें. आणि १८९७ त सर बेंजामिन स्टोन ह्यांनीं काढलेल्या राष्ट्रीय संस्थेनें १९१० पर्यंत हजारों चित्रें ब्रिटिश म्यूझियमच्या स्वाधीन केलीं. येथें काढणारा व काढला जाणारा एकाच गांवचे होते. म्हणून ह्या चित्रांत देखणेपणा कमी असला, तरी हिंदुस्थानांतील त्या आठ खंडांतला परकेपणा बहुतेक ठिकाणीं नाहीं.

हॅरिसनच्या कल्पनेचें सर्वांत मोठें रूप मात्र ऐंशी वर्षांनीं पॅरिसमध्यें दिसलें. १९७० च्या मे महिन्यांत 'फ्नाक' ह्या कॅमेरे विकणाऱ्या दुकानानें एक स्पर्धा जाहीर केली. शहराच्या नकाशावर अडीचशे मीटर बाजूचे १,७५५ चौकोन आंखण्यांत आले, आणि भाग घेणाऱ्या हजारों हौशी लोकांस एकेक चौकोन नेमून देण्यांत आला. तो बदलून मिळावयाचा नव्हता. कोणाच्या नशिबीं आयफेल मनोरा, तर कोणाच्या नशिबीं रेल्वेची भिंत, दवाखान्याचें मागलें अंगण आणि दोन गॅरेजें. पॅरिसचीं चित्रें पुस्तकांत पाहून जो-तो नदीकांठ व कमानी काढावयास टपलेला. त्याला ह्या चौकोनानें आपल्याच शहराच्या अनोळखी गल्लींत नेऊन सोडलें. तेथें त्याला काय दिसलें? जुनीं घरें पाडणारीं यंत्रें, अर्ध्या उभ्या भिंतीवर उघडा पडलेला कोणाच्या तरी स्वयंपाकघराचा रंग, नव्या उंच इमारतींचे सांगाडे, आणि ह्या सर्वांमधून बाजारहाट करून घरीं परतणारीं माणसें.

सुमारे एक लाख चित्रें गोळा झालीं. सत्तर हजारांच्या आसपास कृष्णधवल, उरलेलीं रंगीत पारदर्शिका. 'ले आल' ह्या मध्यवर्ती मंडईंतील व्यापारी १९६९ सालींच शहराबाहेर रंजिस येथें गेले होते. लोखंडाचे आणि कांचेचे तिचे मंडप मात्र त्या मे महिन्यांत अजून उभे होते. १९७१ पासून ते पाडण्यांत आले. तो चौकोन ज्यांच्या वांट्यास आला होता, त्यांनीं काढलेले ते रिकामे मंडप, आणि ज्यांच्या वांट्यास गॅरेजें आलीं होतीं त्यांनीं काढलेलीं तीं गॅरेजें, असा तो सारा संग्रह पॅरिसच्या ऐतिहासिक ग्रंथालयांत गेला. पुढें शहराचे अभ्यासक तो पाहूं लागले, तेव्हां आयफेल मनोऱ्यासाठीं त्यांना ह्या संग्रहाची गरज नव्हती. तो तेथेंच उभा होता. त्यांना हवीं होतीं तीं गॅरेजें.