माथेरानची चार इंजिने



पिंपरी, चिंचवड, तळेगाव, चाकण या पट्ट्यातल्या कोणाही जुन्या कामगाराला 'टेल्को' कुठे आहे असे विचारा, तो चटकन बोट दाखवील. पण या नावाचा अर्थ काय, असे विचारले तर पुष्कळजण थबकतील. टेल्को म्हणजे टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी. यातला 'लोकोमोटिव्ह' म्हणजे आगगाडीचे इंजिन. १९४५ साली जमशेदपूरला ही कंपनी निघाली ती वाफेची इंजिने बांधण्यासाठी. पुढे ती मालमोटारींकडे वळली आणि १९६६ साली आपल्याकडे आली. जमशेदपूरला इंजिने बांधण्याचे काम १९७० साली थांबले, तरी नावातले इंजिन तसेच राहिले. २००३ साली कंपनीचे नाव बदलले, तेव्हा तेही गेले. आपल्या भागातला माणूस मात्र अजूनही टेल्कोच म्हणतो!

आपल्या भागाचे वाफेशी नाते याहून जुने आहे. खंडाळ्याहून पुण्यापर्यंतचा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला, आणि पाच वर्षांनी, १८६३ मध्ये, बोरघाटाची चढण पुरी होऊन तो मुंबईला जोडला गेला. पुढे वीज आली. १ जून १९३० रोजी दख्खनची राणी धावू लागली ती विजेच्या इंजिनावरच. म्हणजे आपल्या दारावरून जाणाऱ्या मोठ्या गाड्यांची वाफेशी फारकत तशी लवकरच झाली. पण घाट उतरून कर्जतच्या पुढे नेरळला जावे, तो तिथे वाफेची चार लहान इंजिने त्यानंतरही पन्नास वर्षे डोंगर चढत होती. त्या चार इंजिनांची हकीगत आज सांगावयाची आहे. ती सांगण्यामागे एक हेतूही आहे. तो ओघाने येईलच.

माथेरानचा डोंगर इंग्रजांच्या नजरेत भरला तो १८५० साली. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट तिथे चढून गेले आणि हवा खाण्याचे ठिकाण म्हणून त्याचा बोलबाला झाला. पण वर जायचे कसे? पायी, घोड्यावर, नाहीतर माणसांच्या खांद्यावरच्या डोलीतून. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी रेल्वे बांधण्याचे काम अंगावर घेतले. १९०४ मध्ये काम सुरू झाले, १९०७ च्या मार्चमध्ये गाडी धावू लागली. खर्च आला सोळा लाख रुपये. त्या काळचे सोळा लाख, बरं का!

या कामी सल्लागार होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. सोलापूरकडच्या वाचकांना हे नाव परके वाटू नये. कुर्डुवाडीहून बार्शीला जाणारी लहान रेल्वे १८९७ साली सुरू झाली, ती यांच्याच कल्पनेतून. अरुंद रुळांवरची गाडी म्हणजे खेळणे नव्हे, नीट बांधली तर ती मोठ्या गाडीसारखेच काम देते, हे त्यांनी बार्शीला दाखवून दिले होते. माथेरानला मात्र प्रश्न अधिक बिकट होता. तो नीट समजून घेऊ.

नेरळ ते माथेरान हा मार्ग सुमारे वीस किलोमीटरचा, आणि तेवढ्यात साडेसातशे मीटरच्या आसपास उंची गाठायची. चढ कुठे कुठे वीसास एक, म्हणजे वीस फूट पुढे जावे तो एक फूट वर. आपल्या बोरघाटाचा चढ सदतिसास एक आहे, आणि तोही तुम्हाआम्हाला केवढा वाटतो! निलगिरीच्या रेल्वेला अशा चढणीसाठी मधोमध दात्यांचा रूळ घातला आहे; इंजिनाचे दातेरी चाक त्यात अडकून वर चढते. माथेरानला तसे काही नाही. चाक आणि रूळ यांच्या घर्षणावरच सारा भरवसा. त्यात वळणे अशी की पुढचे इंजिन मागच्या डब्यातून समोरासमोर दिसावे.

आता बैलगाडी डोळ्यांसमोर आणा. तिला एकच आस, म्हणून ती कशीही वळते. पण तीन बैलगाड्या एकामागे एक ठेवून त्यांच्या आसा लाकडी चौकटीत घट्ट आवळून टाका, आणि मग वळवून बघा! चाके फरफटतील, चौकट कुरकुरेल, गाडी वळणार नाही. सहा चाकांच्या इंजिनाचे असेच होते. तीन आसा एका लोखंडी चौकटीत बसवलेल्या. सरळ रुळावर झकास, आखूड वळणावर मात्र चाकांच्या कडा रुळाला घासू लागतात. चाके कमी करावीत, तर चढणीवर पकड कमी पडते.

यावरचा तोडगा जर्मनीतला. क्लीन आणि लिंडनर या नावांनी ओळखली जाणारी ही रचना अशी: भरीव आस नेहमीसारखी चौकटीत फिरते, पण तिच्यावर नळीसारखी एक पोकळ आस चढवलेली असते आणि चाके बसतात त्या पोकळ आसेवर. दोहोंच्या मध्यभागी गोल सांधा असतो, आपल्या खांद्यात असतो तसा. त्यामुळे आतली आस जागा सोडत नाही, पण बाहेरची वळणाप्रमाणे थोडी कलते. पहिल्या आणि तिसऱ्या चाकजोडीला ही सोय केली की सहाही चाके जोर लावतात आणि वळणावर आपोआप वाट धरतात. ऑरेन्स्टाइन अँड कॉप्पेल या जर्मन कारखान्याने अशी चार इंजिने माथेरानसाठी बांधली. रेल्वेच्या यादीत त्यांचे क्रमांक ७३८ ते ७४१.

या चौघांनी वाफेचा जमाना पेलला. १९५० नंतरच्या दशकात जर्मनीचीच डिझेल इंजिने त्यांच्या जोडीला आली, तरी वाफेचे काम थांबले नाही. ते थांबले १९८२ साली. पहिल्या गाडीपासून मोजले तर पंचाहत्तर वर्षे झाली. एवढ्या अवधीत माणसाच्या तीन पिढ्या होतात.

या काळात इंजिन एकटे कधीच चालले नाही. पहाटे कोणी तरी भट्टी पेटवावी लागे. वाफ धरायला काही तास जात. चढणीवर फायरमनने कोळसा टाकायचा तो नुसता ढकलून चालत नसे. विस्तवाचा थर कुठे पातळ झाला आहे ते नजरेने हेरून तिथेच टाकायचा. रूळ ओले असले तर वाळू सोडायची. उतरताना तर आणखी जोखीम. डब्याडब्यावर हातब्रेक धरणारी माणसे असत आणि ती इंजिनाच्या शिट्टीच्या खुणेवर ब्रेक आवळत किंवा सोडत. सर आदमजींचे नाव इतिहासात राहिले, कॅलथ्रॉपचे राहिले. या माणसांची नावे मात्र कोणत्याही पुस्तकात सापडत नाहीत.

बरे, १९८२ नंतर त्या चौघांचे काय झाले? एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेले. एक नेरळला रंगरंगोटी करून मांडलेले येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते. आणि ७४० क्रमांकाचे इंजिन परदेशी गेले. इंग्लंडात लेटन बझर्ड नावाचे गाव आहे. तिथे १९१९ साली वाळू वाहण्यासाठी घातलेली एक रेल्वे हौशी मंडळींनी जिवंत ठेवली आहे. तिचे रूळही माथेरानसारखेच दोन फुटांच्या अंतराचे. आपले ७४० तिथे दुरुस्त होऊन पुन्हा वाफेवर चालले.

इथे 'दुरुस्त' या शब्दापाशी थोडे थांबू. रंग दिला म्हणजे इंजिन दुरुस्त झाले असे नव्हे. बॉयलर उतरवावा लागतो. त्यातल्या धुराच्या नळ्या काढून नव्या ठोकाव्या लागतात. भट्टीचा पत्रा कुठे झिजला आहे ते मोजावे लागते. मग बॉयलरमध्ये काठोकाठ पाणी भरून, कामाच्या दाबापेक्षा जास्त दाब देऊन, तो कुठे पाझरत नाही ना हे बघावे लागते. चाकांच्या धावा लेथवर उतरवायच्या, बेअरिंगमध्ये नवा धातू ओतायचा, आणि वाफ दट्ट्याला नेमकी केव्हा मिळावी याचे माप बसवायचे. शेवटची गोष्ट तर निम्मी कानाने करायची असते. इंजिनाचे फुसकारे सारख्या अंतराने आले पाहिजेत.

कोणी विचारील, नळ्या नव्या, भट्टी नवी, बेअरिंग नवे, मग जुने इंजिन उरले कुठे? शंका रास्त आहे. पण आपल्या पोथ्यांचे काय झाले ते आठवा. कागद कुजत, वाळवी लागे; तरी ग्रंथ टिकले, कारण दर दोनतीन पिढ्यांनी कोणी तरी त्यांची नक्कल करीत असे. नक्कल करणारा ग्रंथ वाचवीच, पण त्याच वेळी स्वतः ती भाषा आणि ते अक्षर शिके. चालत्या इंजिनाचे तसेच आहे. ते चालावे म्हणून ज्याने हात काळे केले, त्याच्याकडे ती विद्या जाते. संग्रहालयातले इंजिन आपल्याला आकार दाखवते, आणि तेही हवेच. पण क्लीन-लिंडनरची आस वळणावर कशी कलते, हे उभ्या इंजिनाकडे पाहून कोणाला कळणार?

आपल्या देशात हे काम जमत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात २०११ पासून निलगिरीच्या रेल्वेसाठी वाफेची नवी इंजिने बांधली गेली, तेलावर चालणारी. नेरळलाही दार्जिलिंगचे एक जुने इंजिन आणून ते तेलावर चालेल असे करून घेण्यात आले. तेव्हा हात आहेत, हुन्नर आहे. आपल्या पिंपरी-चाकणच्या पट्ट्यात तर लेथवर केसाइतका फरक ओळखणारी माणसे गल्लोगल्ली भेटतील.

घाई आहे ती वेगळ्याच गोष्टीची. १९८२ साली पंचविशीत असलेला फायरमन आज सत्तरीच्या घरात आहे. बॉयलरचा पत्रा आणखी वीस वर्षांनीही मोजता येईल. त्या माणसाची आठवण तेव्हा मोजता येणार नाही. म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. मुलांची सहल माथेरानला नेलीत, तर नेरळला अर्धा तास जास्त काढा. उभ्या इंजिनाची चाके मुलांना मोजायला लावा, क्रमांक वहीत उतरवायला लावा, पाण्याची टाकी आणि भट्टीचे दार शोधायला लावा. आणि गावी परतल्यावर चौकशी करा. नेरळ, कर्जत, लोणावळा, घोरपडी अशा ठिकाणी रेल्वेत हातोडा नाहीतर फावडे धरलेला एखादा आजोबा तुमच्या गावात असेल. त्यांना शाळेत बोलवा. भट्टी कशी पेटवत, कोणत्या शिट्टीला काय करत, विचारा आणि लिहून घ्या. त्या कागदावर सर्वांत वर त्यांचे नाव घाला.